कापलं की सुटले

टॉन्सिल्स काढायचं ऑपरेशन मी कधीच केलेलं नाही. ते जिथे होतं तिथून दोन दारं सोडून मी बसतो. म्हैसूरच्या नजरबादमधल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये माझी नऊ बाय आठ फुटांची खोली आहे आणि तिच्यात मी वाचा-उपचाराचं काम करतो. ज्या मुलांचं बोलणं अडतं, बोबडं राहतं, नाकातून किंवा घोगरं येतं, त्यांना मी बोलायला शिकवतो. माझ्याकडे सुरी नाही, औषध नाही, इंजेक्शन नाही.

दोन दारं पलीकडे आमचे कान-नाक-घशाचे सर्जन बसतात. त्यांना या लेखापुरतं डॉक्टर चिदानंद म्हणतो. मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची नावंही बदलली आहेत. डॉक्टर माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्यांच्या खोलीत माझ्या तीन खोल्या बसतील आणि वर टेबलाला जागा उरेल. लोक त्यांना 'डॉक्टरे' म्हणतात आणि मला 'मेष्ट्रे', म्हणजे मास्तर.

हे सगळं मी हेव्यापोटी लिहितो आहे असं कुणाला वाटलं, तर ते बरोबर आहे. पण आधी हेव्याचं कारण ऐका. मूल तोंड उघडं टाकून, तोंडात गरम भात धरल्यासारखं बोलत येतं. डॉक्टर ऑपरेशन करतात आणि हात धुऊन कॉफी प्यायला बसतात. थोड्याच दिवसांत मूल मोकळं बोलू लागतं आणि आईबाप नारळ, केळ्यांची फणी आणि मैसूरपाकाचा डबा घेऊन डॉक्टरांच्या दाराशी उभे राहतात. जे मूल मोकळं बोलू लागत नाही, ते माझ्याकडे येतं. मग मी त्याच्याबरोबर महिनोन्महिने शिट्ट्या फुंकतो, कागदाचे कपटे उडवतो, एकच अक्षर शंभरदा म्हणतो. शेवटी तेही मूल मोकळं बोलू लागतं आणि त्याचे आईबाप नारळ घेऊन येतात. डॉक्टरांच्या दाराशी.

अशा वेळी मी माझं एक ठरलेलं वाक्य पुटपुटतो. "कापलं की सुटले. पुढचे कष्ट सगळे इकडे." हे मी मराठीत पुटपुटतो, कारण नर्सिंग होममध्ये मराठी कुणालाच येत नाही. आमचं घर इथल्या अग्रहार भागात चार पिढ्या आहे. बाहेर कन्नड, घरात मराठी, आणि घरातल्या मराठीतही अर्धं कन्नड. तरी हेवा करण्यापुरती ती अजून पुरते. घरी गेल्यावर माझी बायको म्हणते, "अहो, चपला काढायच्या आधी डॉक्टरांचं नाव काढता. आधी पाय तरी धुवा."

आता ज्यांच्यावर या गोष्टीची वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आरशासमोर तोंड मोठं उघडलं की मध्ये पडजीभ लोंबताना दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना जे दोन गोळे दिसतात ते टॉन्सिल्स. नाकाच्या मागे, टाळूच्या वर, जिथे आरसा पोचत नाही, तिथे तसाच आणखी एक गोळा असतो. त्याला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. लहानपणी हे मोठेच असतात आणि बहुतेकांचे वयाबरोबर आक्रसतात. काही मुलांचे मात्र इतके वाढतात की झोपेत श्वास अडकतो, सारखा ताप येतो, गिळताना त्रास होतो.

बोलण्याशी त्यांचा संबंध असा, की टाळूचा मागचा मऊ भाग दारासारखा उघडतो आणि मिटतो. म, न, ण म्हणताना ते दार उघडं राहतं आणि आवाज नाकातून जातो. बाकी जवळजवळ सगळ्या अक्षरांना दार मिटावं लागतं. अ‍ॅडेनॉइड वाढलं की दार उघडूनही उपयोग नसतो, पुढची वाटच बुजलेली असते. मग 'मामा'चं 'बाबा' होतं आणि 'नाना'चं 'दादा'. एका मामांनी माझ्याकडे तक्रार केली होती की भाची लग्नाच्या मांडवात त्यांना बाबा म्हणून हाका मारत होती आणि पाहुणे वळून बघत होते. टॉन्सिल्स फार मोठे असले तर जीभ पुढे सरकून बसते आणि आवाज घशात कोंडल्यासारखा होतो.

गोळे काढले की वाट मोकळी होते, झोप सुधारते, आवाज खुलतो. पण ते दार इतकी वर्षं अ‍ॅडेनॉइडला टेकून मिटत होतं. टेकण गेलं की त्याला आणखी लांब पोचायला शिकावं लागतं. म्हणून काही मुलं ऑपरेशननंतर थोडे दिवस नाकातून बोलतात आणि बहुतेकांचं ते आपोआप जातं. ज्यांची टाळू मुळात आखूड असते, किंवा वरून अखंड दिसली तरी आतून स्नायू दुभंगलेला असतो, त्यांचं जात नाही. म्हणून आधी टाळू तपासायची. पडजिभेला चीर आहे का, टाळूच्या मध्यावर निळसर रेघ दिसते का, बोटाने चाचपल्यावर हाडाच्या कडेला खाच लागते का, तान्हेपणी दूध नाकातून यायचं का. आमच्याकडे ही तपासणी डॉक्टर करतात आणि मीही करतो. त्या कागदावर दोघांच्याही सह्या असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टॉन्सिल्स काढून काय होत नाही, तेही सांगायला हवं. स्वरयंत्र बरंच खाली असतं, त्याला कुणी हात लावत नाही. त्यामुळे गाणाऱ्याचा गळा जात नाही आणि न गाणाऱ्याला येत नाही. अडखळणं थांबत नाही. मंडईत भाजीचा लिलाव पुकारणारे एक गृहस्थ आपल्या अडखळणाऱ्या मुलाला घेऊन आले होते.

"दोन्ही काढून टाका, मेष्ट्रे. याला माझ्या जागी उभं करायचंय."

मी समजावून सांगितलं की अडखळण्याचा आणि टॉन्सिल्सचा काही संबंध नाही. त्यांनी बराच विचार केला.

"बरं, एक तरी काढा," ते म्हणाले.

दुसरे एक आजोबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नातवालाही शिकवत होते. नातवाच्या ऑपरेशननंतर फुंकलेली हवा नाकातून सुटायला लागली तेव्हा ते हादरले. मी त्यांना रोज धीर दिला आणि नातवाला फुंकायचे सोपे प्रकार करायला लावले. गळती थांबली. आजोबांनी आनंदाने क्लॅरिनेट आणलं आणि डॉक्टरांच्या दारात उभं राहून वाजवलं. माझ्या खोलीत ऐकू आलं, एवढंच.

आता वरदाचं सांगतो.

बन्नीमंटपाच्या बाजूला एक मराठी घर आहे. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या घोडदळात होते. आताचे दोघे भाऊ नोकरी करतात आणि एकाच घरात राहतात. थोरल्या जाऊबाई वत्सलाबाई, त्यांची मुलगी मेघना, दहा वर्षांची. धाकटी रेवती, तिची मुलगी वरदा, सात वर्षांची. मेघना गाते आणि चांगलं गाते. वरदाचं बोलणंही नीट कळायचं नाही.

आमच्या गावात नवरात्रात घरोघर गोंबे मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास. संध्याकाळी आळीतली मुलं ती बघायला जातात. प्रत्येक मुलाला बाहुल्यांसमोर बसवून "हाडु हेळु" म्हणतात, गाणं म्हण. म्हटलं की खाऊची पुडी मिळते. कसंही म्हटलं तरी मिळते, पण म्हणावं लागतं.

रेवती पहिल्यांदा माझ्या खोलीत आली ती तावातावानेच.

"सर, हिचे टॉन्सिल काढून टाका."

"काढतात डॉक्टर. मी ऐकतो. काय होतंय ते सांगा."

"घोरते. रात्री मधेच श्वास थांबतो, मी उठून बसते. पण ते राहू द्या. गेल्या दसऱ्याला शेजारी गोंबे बघायला गेलो. मेघना गायली. सगळे गप्प बसून ऐकत होते. मग ही बाहुल्यांसमोर जाऊन बसली, आणि हिला कुणी म्हण म्हटलंच नाही, सर. सुम्ने, नुसतीच पुडी हातात दिली. पाप, बिचारी म्हणून." तिने वरदाची वेणी नीट केली. ती आधीच नीट होती. "मेघनाचे टॉन्सिल बघितलेत का तुम्ही?"

"ती माझ्याकडे आलेली नाही."

"येणार पण नाही. तिचं सगळं छान आहे."

'छान' हा शब्द तिने ज्या सुरात म्हटला तो मला ओळखीचा होता. "डॉक्टरांचा हात छान आहे" असं लोकांना सांगताना माझा सूर असाच लागतो.

ऑपरेशनचं कारण आवाज नव्हता, झोपेत अडकणारा श्वास होता, आणि तेवढं पुरेसं होतं. डॉक्टरांनी टाळू पाहिली, मी पाहिली. चीर नाही, रेघ नाही, खाच नाही, दूध कधी नाकातून आलेलं नाही. दोघांनी सह्या केल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड दोन्ही निघाले. घोरणं थांबलं. रेवतीने डॉक्टरांना नारळ दिला.

पण आवाज खुलण्याऐवजी नाकात गेला. आधी 'मामा'चं 'बाबा' व्हायचं, आता उलटं झालं. 'पोपट' म्हणताना दोन्ही प नाकातून निसटायचे आणि 'मोमट'सारखं काहीतरी ऐकू यायचं. थांबा, जाईल, असं आम्ही सांगितलं. शाळा सुरू झाली. गेलं नाही. वर्गातली मुलं हसायला लागली आणि वरदाने शाळेत बोलणं सोडलं. पाऊस ओसरत आला तरी तेच.

ती गळती टिकून आहे हे मी पहिल्यांदा नीट ऐकलं, तेव्हा मला आधी दुःख झालं नाही. डॉक्टरांचंही एखादं फसतं, हे आधी मनात आलं. त्याच्या पाठोपाठ आठवलं की कागदावर माझी सही आहे.

डॉक्टरांनी मला बोलावलं. आमचं बोलणं कन्नडात झालं, इथे मराठीत देतो.

"मेष्ट्रे, टाळू आपण दोघांनी पाहिली होती ना?"

'दोघांनी' हा शब्द मला टोचला. "पाहिली होती. ठीक होती."

"आत काही लपलेलं राहिलं असेल का? नाकातून दुर्बीण घालून बघायला हवं, पण पोरगी तोंडाजवळ हात नेऊ देत नाही. बेंगळूरला पाठवू. स्नायू दुभंगलेला निघाला तर ते टाळूचं ऑपरेशन करतील."

रेवती तयार होती. आईच्या कडेला उभ्या असलेल्या वरदाने एकच विचारलं, नाकातून, पण मला स्वच्छ कळलं. "परत कापायचं?"

तिने ओठ मिटून घेतले आणि त्या दिवशी पुन्हा उघडले नाहीत.

बेंगळूरची चिठ्ठी लिहायची होती. तोवर मी तिला आठवड्यातून दोनदा बोलवत होतो. माझी तपासणी साधी आहे. नाकाखाली छोटा थंड आरसा धरायचा आणि ज्यात म, न, ण नाहीत असं वाक्य म्हणायला लावायचं. 'पाटीपाशी पोपट बसला.' दार नीट मिटत असेल तर आरसा स्वच्छ राहतो. हवा नाकातून सुटत असेल तर वाफ धरते. वरदाचा आरसा दहापैकी दहा वेळा वाफेने भरायचा. एकदा मेघनाही बरोबर आली. बाहेरच्या बाकावर बसून ती वरदाला खणखणीत आवाजात शिकवत होती, "हे बघ, ओठ असे. पोपट. परत बोल. पो-पट!" वरदा जमिनीकडे बघत बसली होती.

पुढच्या खेपेला मी खोलीत आवराआवर करत होतो आणि बाहेरून तोच आवाज आला. "हे बघ, ओठ असे. परत बोल. पो-पट!" पाठोपाठ आमच्या आया पुट्टम्मा खो-खो हसल्या आणि म्हणाल्या, "इन्नोंदु सल!" अजून एकदा. मला राग आला. या मोठ्या मुलीला सांगायला हवं की शिकवायला मी आहे. मी बाहेर आलो. बाकावर वरदा एकटीच होती.

"मेघना कुठे गेली?" मी विचारलं.

पुट्टम्मांनी डोळे पुसत वरदाकडे बोट दाखवलं. "हीच की! त्या दिवशीच्या पोरीचं सोंग काढतीय."

वरदाने ओठ मिटले. रेवती औषधाच्या दुकानात गेली होती. मी वरदाला आत घेतलं, नाकाखाली आरसा धरला.

"परत म्हण."

तिने मान हलवली.

"तुझ्या आवाजात नको. मेघनाच्या."

तिने हनुवटी वर केली, एक हात कमरेवर ठेवला, भुवया चढवल्या. मेघनाच येऊन उभी राहिली. "परत बोल. पो-पट!" आरसा स्वच्छ.

"आता तुझ्या आवाजात."

हात कमरेवरून खाली आला. "मोमट." आरसा वाफेने भरला.

मी पुन्हा केलं, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी तसंच.

"वरदा, तिच्या आवाजात येतं आणि तुझ्या आवाजात येत नाही, असं का गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं मला कळू नये.

"तो मेघनाचा गळा आहे," ती म्हणाली. "तिचं कुठे कापलंय?"

टाळू आखूड नव्हती, दुभंगलेली नव्हती. मिटत होती, नीट मिटत होती. ऑपरेशननंतर घसा दुखत होता तेव्हा तिने दार हलवायचं टाळलं, आणि दुखणं गेल्यावरही टाळतच राहिली. घसा बरा झाला आहे हे कुणी तिच्या घशाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याच्या आवाजात शिरली की भीती बाहेर राहायची.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. बेंगळूरची चिठ्ठी थांबवावी म्हणून भांडायची तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दसऱ्यापर्यंत थांबू," ते म्हणाले. "तुम्ही ऐकलंत ते मला ऐकू आलं नसतं."

एवढ्या सहज त्यांनी मान्य केलं, तेही मला आवडलं नाही.

खरी अडचण पुढेच होती. रेवतीला मी समजावून सांगितलं. आधी वरदाने मेघनाच्या आवाजात बोलायचं, मग हळूहळू मेघना कमी करत जायची. रेवतीचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या मुलीनं तिच्या मुलीचा आवाज काढून बोलायचं?"

"थोडे दिवस."

"बेड, सर. नको. त्यापेक्षा बेंगळूरला नेते."

"तिथे कदाचित कापतील. गरज नसताना."

"कापू दे. जे येईल ते तिचं स्वतःचं असेल." तिचे डोळे भरले होते. "त्या घरात सगळं त्यांच्या हातून घ्यायचं. जुन्या फ्रॉकपासून. आता आवाज पण?"

उपदेश करायला मी योग्य माणूस नव्हतो. मी दाराकडे बोट केलं.

"रेवतीबाई, दोन दारं पलीकडे जे बसतात, त्यांचा मी इतकी वर्षं हेवा करतोय. त्यांचं एका पैशाचं बिघडलेलं नाही. माझी कॉफी तेवढी गार होते."

"तुम्ही?" ती चकित झाली. "तुम्हाला काय कमी आहे?"

"नारळ."

ती हसली नाही, पण पदराने डोळे पुसले. "इथे काय करायचं ते करा. घरात मात्र नको. मोठ्या वहिनींना कळलं तर म्हणतील, बघा, आमच्यावाचून होत नाही."

मग आम्ही कामाला लागलो. पहिले काही दिवस खोलीत मेघनाच बोलत होती. नंतर मी म्हटलं, मेघना पुरे, बस कंडक्टर आण. कंडक्टर आला. मग फळवाली आली, पुट्टम्मा आल्या, शाळेतल्या बाई आल्या. त्या बाईंची पट्टी आपटण्याची लकबही आली. पोरीचा कान विलक्षण होता. वर्षानुवर्षं स्वतःला बोलता येत नव्हतं, म्हणून ती ऐकतच आली होती. प्रत्येक माणसाबरोबर आरसा स्वच्छ. मी नोंद ठेवत होतो, सवयीने. नक्कल कितीही अवघड असो, दहापैकी नऊ वेळा वाफ नाही. स्वतःच्या आवाजात आली की पुन्हा दहाही वेळा वाफ.

एक दिवस मी म्हटलं, "आज कुणीच नको."

"मग कोण बोलणार?" तिने विचारलं.

पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही. मी म्हटलं, "एक नवीन मुलगी आहे. वरदा तिचं नाव. पण पुढच्या वर्षीची वरदा. तिचा घसा कधीच दुखत नाही. ती कशी बोलत असेल?"

तिने विचार केला. कुणाचं तरी सोंग घेताना ती खांदे, हनुवटी, हात बदलायची. या वेळी काहीच बदललं नाही. ती नुसती सरळ बसली.

"पाटीपाशी पोपट बसला," ती म्हणाली. तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. किंचित जाडसर, खालच्या पट्टीतला, मेघनाच्या आवाजाशी काही नातं नसलेला. आरशाच्या एका कडेला पुसटशी वाफ होती. दुसऱ्यांदा तीही नव्हती.

त्यानंतर पुढच्या वर्षीची वरदा आधी फक्त माझ्या खोलीत यायची, मग बाकापर्यंत, मग रिक्षापर्यंत. घरी पोचायला तिला नवरात्र उजाडलं.

आयुधपूजेच्या दिवशी आमच्या नर्सिंग होममध्ये दाराला केळीचे खुंट बांधतात आणि ज्याची त्याची हत्यारं पूजेला मांडतात. डॉक्टरांच्या चिमटे-कात्र्या मोठ्या ताटात, वर शेवंतीच्या माळा. माझं सामान म्हणजे आरसा, सोडा प्यायच्या नळ्या, शिट्टी आणि कागदाचे कपटे. ते मी एका ताटलीत घालून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवतो आणि पुट्टम्मा आठवणीने त्यावर एक फूल टाकतात. पूजा झाली होती, प्रसाद वाटत होते, तेवढ्यात रेवती वरदाला घेऊन आली. हातात नारळ होता. तो तिने डॉक्टरांपुढे ठेवला. मी माझं वाक्य पुटपुटलो.

"गोंबे बघायला गेलो होतो, सर," ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. "हिला हाडु हेळु म्हटलं. गाणार नाही म्हणाली."

"मग?"

"मग बाहुल्यांसमोर बसून एकेकाची नक्कल केली. घरमालकिणीची, पुरोहितांची, कंडक्टरची. आणि मेघनाची, तिच्यासमोर! सगळे हसून हसून बेजार. मोठ्या वहिनी पण." रेवतीने आवाज खाली आणला, पण चेहरा काही खाली येईना. "आता मेघना मागे लागलीय, मला पण शिकव म्हणून. वरदा म्हणाली, आमेले बघू."

ते 'आमेले बघू', नंतर बघू, रेवतीने ज्या चवीने सांगितलं, त्या चवीने तिने प्रसादाचं पोंगलही खाल्लं नाही.

डॉक्टरांना आमचं मराठी कळलं नाही, पण नक्कल एवढं कळलं. "माझी करून दाखव," ते वरदाला म्हणाले.

तिने कपाळावर दिवा बांधल्यासारखा हात धरला. "बायि तेगी, पुट्टा! आयितु, आयितु!" तोंड उघड, बाळ, झालं, झालं. अजून काहीच झालेलं नसताना डॉक्टर हे असंच म्हणतात. सगळी खोली हसली आणि डॉक्टर सगळ्यात मोठ्याने.

"आता मेष्ट्रांची," ते म्हणाले. "मेष्ट्रे, आरसा धरा. तपासणी पण होऊन जाईल."

मी ताटलीतला आरसा उचलला, त्यावरचं फूल बाजूला ठेवलं आणि तिच्या नाकाखाली धरला. तिने चष्मा वर सरकवल्यासारखं केलं, मान डॉक्टरांच्या दाराकडे किंचित वळवली, ओठ जेमतेम हलवले आणि माझ्या आवाजात म्हणाली:

"कापलं की सुटले. पुढचे कष्ट सगळे इकडे."

इतके आठवडे ती माझ्यासमोर बसत होती आणि तिला मराठी येत होतं. माझं पुटपुटणंही तिला कळत असेल, हे कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सूर हुबेहूब होता. शेवटच्या 'इकडे'वर माझा आवाज जरा बसतो, तोही बसला.

रेवती जमिनीकडे बघू लागली. पुट्टम्मा माझ्याकडे.

"एनु हेळिद्ळु?" डॉक्टरांनी विचारलं. काय म्हणाली?

मी अर्धवट भाषांतर करणारा माणूस नाही. शब्दाला शब्द ठेवून कन्नडात सांगितलं. कोण हे म्हणतं आणि कधी म्हणतं, तेही सांगितलं.

डॉक्टर माझ्या हाताकडे बोट करून म्हणाले, "आवि बंता?" वाफ आली का?

तेव्हा मी आरशाकडे पाहिलं. स्वच्छ होता.

"इल्ला," मी म्हटलं. नाही.

"हागाद्रे सरि," ते म्हणाले, मग ठीक आहे, आणि नारळ फोडायला पुट्टम्मांकडे दिला.

त्यांच्या खोलीचा, पाटीचा, नारळांचा हेवा मी इतकी वर्षं केला आणि अजूनही करतो. पण त्या दिवशी अग्रहाराकडे चालत येताना मला हेवा वाटत होता तो त्यांच्या त्या एका प्रश्नाचा. आरसा माझ्या हातात होता, आणि वाफेचं विचारायचं सुचलं त्यांना.